ओसाकात बाहेर कुठे जेवावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओसाकात जेवणाचे ठिकाण निवडताना सुरुवात कुठून करावी?

सुरुवात पदार्थापासून करावी. आपल्याकडच्या बहुतेक हॉटेलांत इडलीपासून चायनीजपर्यंत सारे काही एकाच मेनूकार्डावर असते, त्यामुळे आपण आधी हॉटेल ठरवतो आणि काय खायचे ते टेबलाशी बसल्यावर ठरवतो. ओसाकातली लहान दुकाने मात्र बहुधा एकाच पदार्थावर चालतात: उदोनच्या, म्हणजे गव्हाच्या जाड शेवयांच्या, दुकानात उदोन, कुशिकात्सुच्या, म्हणजे काडीला टोचून तळलेल्या पदार्थांच्या, दुकानात कुशिकात्सु, आणि त्याच्या जोडीला दोनचार किरकोळ गोष्टी. चार जणांना चार वेगळ्या गोष्टी हव्या असतील, तर अशा दुकानात किमान तिघांची निराशा होणार. म्हणून आज काय खायचे ते आधी ठरवावे, मग तो पदार्थ ज्या वस्तीत चांगला मिळतो ती वस्ती निवडावी, आणि दुकानाचा विचार सर्वांत शेवटी करावा. हा क्रम पाळला की निवड बरीच सोपी होते, कारण एकेका वस्तीत एकाच पदार्थाची अनेक दुकाने शेजारी शेजारी असतात आणि एक भरलेले असले तर दुसऱ्यात जाता येते.

या नियमाला दोन अपवाद आहेत. एक म्हणजे इझाकाया, जिथे मद्यासोबत अनेक छोटे पदार्थ मागवून सर्वांनी मिळून खायचे असतात. दुसरा म्हणजे मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरचे वरचे मजले, जिथे वेगवेगळ्या प्रकारची उपाहारगृहे एकत्र असतात. एकमत होणे अवघड असलेल्या कुटुंबाने सरळ तिकडे जावे.

खास ओसाकाचे म्हणावेत असे पदार्थ कोणते?

ओसाका म्हटले की ताकोयाकी आणि ओकोनोमियाकी ही दोनच नावे सांगितली जातात, पण या शहराच्या स्वयंपाकाचा खरा पाया दाशी, म्हणजे मुख्यतः कोम्बू नावाच्या सागरी वनस्पतीपासून काढलेला अर्क, हा आहे. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या शोगुन या लष्करी शासकांच्या राजवटीत, देशभरातल्या सरदारांचा तांदूळ विक्रीसाठी ओसाकाच्या कोठारांत येत असे, आणि दोजिमा येथील तांदूळ बाजाराला १७३० साली शोगुनशाहीची अधिकृत मान्यता मिळाली. त्याच व्यापाराच्या ओघात जपान समुद्राच्या किनाऱ्याने येणारी किताम‍ाएबुने ही जहाजे होक्काइदो या उत्तरेकडील बेटावरचा कोम्बू ओसाकात आणू लागली. तेव्हापासून येथील स्वयंपाकात रंगाने फिकट, मिठाने नेमके आणि चवीने खोल असे रस्से रुजले. तोक्योमध्ये उदोनचा रस्सा गडद तपकिरी असतो, तर ओसाकात त्यातून वाडग्याचा तळ दिसतो.

ही चव समजून घ्यायची असेल तर कित्सुने उदोन खावे. गोडसर शिजवलेला, तळलेल्या तोफूचा चौकोनी तुकडा वर ठेवलेला हा उदोन मिनामिसेनबा भागातील १८९३ साली सुरू झालेल्या उसामितेइ मात्सुबाया या दुकानात जन्मला असे मानले जाते. पोटभर आणि स्वस्त असा हा पदार्थ शहराची पहिली ओळख म्हणून मला ताकोयाकीपेक्षा अधिक योग्य वाटतो, पण त्याची छायाचित्रे तितकीशी आकर्षक येत नाहीत.

ताकोयाकीचा तवा पाहून मराठी माणसाला अप्पेपात्र आठवल्याशिवाय राहत नाही. गव्हाच्या पातळ पिठात आठपायाचा, म्हणजे ऑक्टोपसचा, तुकडा घालून हे गोळे भाजतात. आइझुया या दुकानाने १९३५ साली हा पदार्थ प्रथम विकला असे सांगतात, आणि तेथे तो आजही सॉसशिवाय मिळतो, कारण चव पिठातच मुरवलेली असते. ओकोनोमियाकीत चिरलेला कोबी, पीठ, अंडे आणि बहुधा किसलेला डोंगरी कंद एकत्र कालवून तव्यावर जाडसर थापतात, त्यावर डुकराच्या मांसाचे पातळ काप घालतात. कोबीऐवजी पातीचा कांदा भरपूर घातलेली नेगियाकी ही त्याची हलकी आवृत्ती सॉसऐवजी सोया सॉस आणि लिंबासोबत खातात.

कुशिकात्सु म्हणजे काडीला टोचून, पाव-चुऱ्यात घोळवून तळलेले मांस, मासे आणि भाज्या. सामायिक भांड्यातल्या सॉसमध्ये काडी एकदाच बुडवायची, दुसऱ्यांदा नाही, हा तिथला प्रसिद्ध नियम आहे. करोनाच्या साथीनंतर अनेक दुकानांनी ते भांडेच काढून बाटलीतला सॉस ठेवला आहे, त्यामुळे नियम मोडण्याची भीती बरीच कमी झाली आहे. यांशिवाय लाकडी साच्यात दाबून केलेली हाकोझुशी आणि हिवाळ्यात फुगु माशाचा तेच्चिरी हा रस्सेदार प्रकार ही ओसाकाची जुनी खाद्ये आहेत. फुगु विषारी असल्याने तो साफ करण्यासाठी परवाना लागतो. परवानाधारक दुकानात तो निर्धास्तपणे खावा.

मग कोणत्या भागात जावे?

शहराचे ढोबळ दोन भाग मानतात: उत्तरेचा किता, म्हणजे उमेदा स्थानकाभोवतालचा परिसर, आणि दक्षिणेचा मिनामि, म्हणजे नाम्बा आणि दोतोनबोरी. दोन्हींना मिदोसुजी ही भुयारी रेल्वे जोडते.

उमेदात नवखा माणूस चकचकीत मॉलमध्ये शिरतो, पण तेथील कचेऱ्यांतली माणसे दुपारी तळघरात उतरतात. ओसाका एकिमाए या नावाच्या, १९७० ते १९८१ या काळात उभ्या राहिलेल्या चार इमारतींच्या तळमजल्याखाली लहान दुकानांचे जाळे आहे. तेथे भात, मिसो सूप, लोणचे आणि एक मुख्य पदार्थ असे ताट वाजवी दरात मिळते. ते जुनाट दिसते, दिवे पिवळट आहेत आणि एकदा आत गेल्यावर बाहेरचा रस्ता सापडायला वेळ लागतो; तरीही दुपारच्या जेवणासाठी मी हीच शिफारस करेन. रेल्वेच्या रुळांखालची शिन-उमेदा शोकुदोगाइ ही १९५० सालापासूनची खाऊगल्ली संध्याकाळसाठी चांगली.

उमेदाहून चक्राकार रेल्वेने एकच स्थानक पुढे गेले की तेन्मा येते. सुमारे २.६ किलोमीटर लांबीच्या तेन्जिनबाशिसुजी या छपराखालच्या बाजारपेठेच्या आजूबाजूला उभ्याने खाण्यापिण्याची असंख्य दुकाने आहेत. दुसऱ्या दिशेला एका स्थानकावर असलेल्या फुकुशिमात मध्यम ते वरच्या दराची, निवांत बसून जेवण्याजोगी ठिकाणे अधिक. किताशिन्चि हा भाग व्यवसायातल्या पाहुणचाराचा आहे. तेथे दारावर दर लिहिलेला नसेल तर आत जाऊ नये.

दक्षिणेकडे, कुशिकात्सुसाठी त्सुतेन्काकु मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेला शिन्सेकाइ भाग प्रसिद्ध आहे. भाजलेल्या मांसासाठी त्सुरुहाशि येथे जावे. तेथे कोरियन वंशाच्या लोकांची जुनी वस्ती असून स्थानकातून उतरताच धुराचा वास येतो. नाम्बा स्थानकाच्या पूर्वेच्या गल्ल्यांना उरा-नाम्बा म्हणतात. तरुण स्वयंपाक्यांची लहान इझाकाया तेथे गर्दीने आहेत आणि दोतोनबोरीपासून चालत दहा-पंधरा मिनिटांत तेथे पोहोचता येते.

दोतोनबोरीत आणि कुरोमोन बाजारात जेवू नये, असे म्हणतात. ते खरे आहे का?

अर्धे खरे आहे. १६१५ साली पूर्ण झालेल्या दोतोनबोरी कालव्याकाठी पुढे नाट्यगृहे आली आणि नाटकाला येणाऱ्यांसाठी खानावळी आल्या, म्हणजे हा भाग चारशे वर्षे पाहुण्यांनाच खाऊ घालत आहे. उपाहारगृहावरचा हलणारा यांत्रिक खेकडा आणि दिव्यांच्या पाट्या जरूर पाहाव्यात. मुख्य रस्त्यावरची रांग मात्र बहुधा पाटीमुळे लागलेली असते, चवीमुळे नव्हे. दक्षिणेला काही पावले आत गेल्यावर होझेनजी योकोचो ही दगडी फरशीची गल्ली लागते. तेथील दुकाने महाग असली तरी स्वयंपाकाकडे लक्ष देणारी आहेत.

कुरोमोन बाजार पूर्वी शहरातल्या स्वयंपाक्यांचा होता. गेल्या काही वर्षांत तेथे परदेशी पर्यटकांना समोर ठेवून काडीवर भाजलेले खेकडे आणि गोमांस चढ्या दराने विकण्याकडे कल वाढला आहे. तेथे फेरफटका मारावा, फळे घ्यावीत, पण भरपेट जेवणासाठी तो बाजार आता योग्य राहिलेला नाही.

इंटरनेटवरचे गुण कितपत मानावेत?

जपानी लोक ताबेलोग या संकेतस्थळावर जास्त विसंबतात. तेथे पाचपैकी ३.५ च्या वर गुण मिळणे ही मोठी गोष्ट असते, आणि ३.२ गुण असलेले दुकानही उत्तम असू शकते. गूगल नकाशावरच्या ४.५ ची सवय झालेल्या आपल्या डोळ्यांना हे आकडे नापासाचे वाटतात, आणि त्यामुळे पुष्कळ जण चांगली दुकाने वगळून टाकतात. उलट, गूगलवर ४.८ गुण आणि जवळजवळ सगळे अभिप्राय परदेशी भाषांत असे दिसले तर ते दुकान पर्यटकांवर चालते, एवढाच निष्कर्ष काढावा. ते वाईटच असेल असे नाही, पण त्या गुणांवरून शहराच्या चवीचा अंदाज येत नाही.

उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशेलिन मार्गदर्शिकेची क्योतो आणि ओसाकासाठीची पहिली आवृत्ती २००९ च्या ऑक्टोबरात निघाली. त्यातल्या ताऱ्यांपेक्षा सामान्य प्रवाशाला बिब गुरमाँ ही वाजवी दरातल्या चांगल्या ठिकाणांची यादी अधिक कामाची आहे.

प्रत्यक्ष दारात उभे असताना मेनू लहान आहे का, आत एकटे बसून जेवणारी माणसे आहेत का आणि दर बाहेर लिहिलेले आहेत का, हे पाहावे. तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर गुण पाहण्यात वेळ घालवण्याची गरज नाही.

शाकाहारी माणसाने ओसाकात काय करावे?

हा प्रश्न मराठी वाचकांकडून सर्वाधिक येतो, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे की पूर्वतयारीशिवाय अडचण होते. दिसायला शाकाहारी असलेल्या पदार्थांतही मासा असतो. उदोनच्या रश्शात कोम्बूबरोबर वाळवलेल्या बोनिटो किंवा तत्सम माशांचा अर्क असतो, ओकोनोमियाकीच्या पिठात दाशी असते आणि वर माशाचे पातळ काप भुरभुरतात, भाज्यांची कुशिकात्सु मांस तळलेल्याच तेलात तळलेली असते. ‘मांस नको’ एवढेच सांगितले तर समोरचा माणूस सद्भावनेने मासा वाढतो. म्हणून मांस, मासे, माशांची दाशी आणि प्राण्यांची चरबी नको, आणि अंडे व दूध चालते की नाही, असे जपानी भाषेत लिहिलेले एक कार्ड जवळ ठेवावे आणि ते बसण्यापूर्वी दाखवावे. लहान दुकानदाराने हात जोडून नकार दिला तर तो अपमान समजू नये. त्याचा रस्सा सकाळीच तयार झालेला असतो आणि त्यातून मासा काढणे त्याच्या हाती नसते.

व्यवहार्य मार्ग तीन आहेत. शाकाहारी किंवा वीगन म्हणून स्पष्ट जाहिरात करणारी दुकाने ओसाकात आहेत. ती नकाशावर शोधून, त्या दिवशी उघडी आहेत याची खात्री करून जावे. दुसरा मार्ग भारतीय उपाहारगृहांचा. यांपैकी बरीच नेपाळी मंडळी चालवतात, नान आणि रस्साभाजी हमखास मिळते आणि काय नको हे हिंदीत सांगता येते. तिसरा मार्ग शोजिन र्योरी, म्हणजे बौद्ध मठांतला मांस-मासे वर्ज्य असलेला स्वयंपाक. तो मनापासून खायचा असेल तर नाम्बाहून नानकाइ रेल्वेने कोयासानला जावे, जिथे कूकाइ या आचार्यांनी नवव्या शतकात स्थापलेल्या मठांच्या अतिथिगृहांत मुक्कामासह असे जेवण मिळते. शोजिनमध्ये कांदा-लसूणही वर्ज्य मानतात, पण मुळा, गाजर आणि कंद सर्रास असतात, हे जैन वाचकांनी ध्यानात घ्यावे. जैन पद्धतीच्या जेवणासाठी रेल्वेने अर्ध्या तासावर असलेल्या कोबे शहराकडे पाहावे. तेथे भारतीय व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आणि कितानो भागात जैन मंदिर आहे, त्यामुळे अशी मागणी काय असते हे तिथल्या भारतीय उपाहारगृहांना ठाऊक असते.

ओसाकात सध्या स्पाइस करी नावाचा प्रकार लोकप्रिय आहे. मिरे, वेलदोडे, जिरे यांचा वास दारातच येतो आणि आपण आशेने आत शिरतो, पण त्या रश्शातही पुष्कळदा सुक्या माशांची दाशी किंवा मांसाचा अर्क असतो. मांसाहारी वाचकांनी मात्र तो जरूर खाऊन पाहावा. यांतील काही दुकाने रात्रीच्या बारची जागा दुपारपुरती भाड्याने घेऊन चालतात आणि भांडे रिकामे झाले की बंद होतात.

आम्ही मांसाहारी आहोत, पण गोमांस खात नाही. काय काळजी घ्यावी?

ओसाकाच्या परिसरात मांस म्हटले की पहिला अर्थ गोमांस असा घेतला जातो. ‘मांसाचा उदोन’ म्हणजे गोमांसाचाच उदोन, आणि काडीवरची मूळ कुशिकात्सुही गोमांसाची. डुकराचे किंवा कोंबडीचे मांस वेगळ्या नावाने सांगतात. त्यामुळे कोंबडी हवी असेल तर याकितोरीचे दुकान, मासे हवे असतील तर सुशी किंवा भाजलेल्या माशाचे ताट, अशी स्पष्ट निवड करावी. फिरत्या पट्ट्यावरची सुशी ही कल्पनाही याच परिसरातली आहे: १९५८ साली शेजारच्या हिगाशि-ओसाका येथे गेनरोकु सुशीने ती सुरू केली. आता अनेक साखळी दुकानांत ताटल्या मोकळ्या फिरत नाहीत, पडद्यावर मागवलेली ताटली थेट आपल्यापुढे येऊन थांबते. पडद्यावर चित्रे असल्याने मुलांसह जाणाऱ्यांना हे सोयीचे पडते.

अन्नाची अ‍ॅलर्जी असल्यास उपाहारगृहे माहिती देतात का?

पाकीटबंद पदार्थांवर अंडे, दूध, गहू, सोबा (कुट्टू आणि त्याच्या शेवया), भुईमूग, कोळंबी, खेकडा आणि अक्रोड यांचा उल्लेख कायद्याने बंधनकारक आहे. उपाहारगृहांना तसे बंधन नाही. मोठ्या साखळ्या तक्ते ठेवतात, लहान दुकाने ठेवत नाहीत. सोबाची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने, जिथे उदोन आणि सोबा एकाच पाण्यात उकळतात अशा दुकानात उदोनही खाऊ नये.

माणशी किती खर्च धरावा?

दुपारचे साधे ताट किंवा उदोन ७०० ते १,२०० येनमध्ये होते, ओकोनोमियाकीला हजार ते दीड हजार लागतात, इझाकायात मद्यासह तीन ते पाच हजार सहज होतात. काउंटरपलीकडे उभा स्वयंपाकी समोरच एकेक पदार्थ करून वाढतो अशा काप्पो प्रकारच्या ठिकाणी रात्री दहा हजारांच्या पुढेच हिशेब सुरू होतो. अशाच एखाद्या महागड्या ठिकाणी दुपारी गेल्यास तोच स्वयंपाकी बऱ्याच कमी दरात जेवू घालतो, म्हणून मोठा खर्च एकदाच करायचा असेल तर तो दुपारी करावा.

बिलात दोन गोष्टी अनपेक्षित वाटतात. इझाकायात बसताच न मागवलेली एक छोटी वाटी येते आणि तिचे साधारण ३०० ते ५०० येन माणशी लागतात. ते बसण्याचे शुल्क समजावे. दुसरे म्हणजे कर: बसून खाल्ले तर १० टक्के, बांधून नेले तर ८ टक्के. बक्षिसी देण्याची पद्धत नाही, आणि टेबलावर पैसे ठेवून निघालात तर कोणीतरी ते परत द्यायला मागे धावत येईल.

मद्यपान करत नसल्यास इझाकायात जावे का?

जावे. ऊलाँग चहा किंवा सरबत मागवले तरी चालते, पण प्रत्येकाने एक पेय घेणे अपेक्षित असते. नुसत्या पाण्यावर संध्याकाळ काढू नये.

लहान मुलांसह जाताना आणि धुराचा त्रास असताना काय पाहावे?

आठ-दहा खुर्च्यांच्या काउंटरवर बाळाची गाडी नेता येत नाही. तव्यालगतच्या ओकोनोमियाकीच्या टेबलाशी लहान मुलांना तापलेल्या लोखंडापासून जपावे लागते. अशा वेळी डिपार्टमेंट स्टोअरचा वरचा मजला, फॅमिली रेस्टॉरंट किंवा सुशीची साखळी दुकाने बरी. धुराबाबत परिस्थिती सुधारली आहे. २०२५ च्या एप्रिलपासून ओसाका प्रांताच्या नियमानुसार ३० चौरस मीटरांपेक्षा मोठ्या बैठकीच्या उपाहारगृहांत धूम्रपानाला सर्वसाधारणपणे बंदी आहे. त्याहून लहान दुकानांत अजूनही सिगारेट चालू असू शकते, म्हणून दारावरची खूण पाहूनच आत जावे.

आधी जागा राखून ठेवणे आवश्यक आहे का?

उदोन, ताकोयाकी आणि उभ्याने खाण्याच्या दुकानांत तशी सोयच नसते. शुक्रवारी-शनिवारी रात्री चौघांपेक्षा अधिक जण असाल, किंवा काप्पोसारख्या ठिकाणी जायचे असेल, तर जागा राखावीच. भाषेची अडचण असल्यास मुक्कामाच्या हॉटेलातील स्वागतकक्षाला फोन करायला सांगावे. राखलेली जागा सोडायची झाली तर किमान आदल्या दिवशी कळवावे, कारण तुमच्यासाठी त्या सकाळी मासा विकत घेतलेला असतो. न कळवता गैरहजर राहिल्यास पूर्ण रक्कम आकारणारी ठिकाणे आहेत आणि ते योग्यच आहे. राखीव जागा नसलेल्यांनी दुपारी साडेअकराला किंवा संध्याकाळी पाचला जावे. दुपारी दोन ते पाच या वेळात पुष्कळ दुकाने बंद असतात, आणि पाटीवरची बंद होण्याची वेळ ही शेवटच्या मागणीची वेळ नसते. शेवटची मागणी त्याच्या अर्धा तास किंवा त्याहूनही आधी घेतली जाते.

रस्त्यावर गाठून ‘या, जागा आहे’ म्हणणाऱ्यांबरोबर जावे का?

जाऊ नये. संध्याकाळी नाम्बा आणि उमेदात हातात मेनूकार्ड घेतलेले तरुण पाहुण्यांना अडवतात. अशा ओढून नेण्याविरुद्ध शहराचा नियम आहे, पण प्रकार थांबलेला नाही. चांगल्या दुकानाला रस्त्यावरून गिऱ्हाईक गोळा करावे लागत नाही, आणि सांगितलेल्या दरात नंतर नाना शुल्के मिसळतात.

पैसे कार्डाने देता येतात का?

मॉल आणि साखळी दुकानांत येतात. गल्लीतल्या लहान दुकानांत अनेकदा फक्त रोख चालते, त्यामुळे माणशी पाच हजार येन तरी जवळ असावेत. काही उदोन आणि रामेनच्या दुकानांत दाराशीच तिकिटाचे यंत्र असते: पैसे टाकावे, पदार्थाचे बटण दाबावे आणि चिठ्ठी काउंटरवर द्यावी. २०२४ च्या जुलैत नव्या नोटा आल्या, आणि जुनी यंत्रे त्या स्वीकारतीलच असे नाही. म्हणून हजार येनच्या जुन्या नोटा हाती आल्या तर त्या अशा दुकानांसाठी वेगळ्या ठेवाव्यात, किंवा यंत्राने नोट परत फेकल्यास दुकानदाराला दाखवावी, तो गल्ल्यातून बदलून देतो.